डोलीचे तीन मुक्काम

कोजागिरीला आमच्या मालाड पूर्वेच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवत ठेवलं, की ते आटेपर्यंत कुणाच्या तरी प्रवासाचं वर्णन ऐकावं लागतं. यंदा पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची होती. काका-काकू केदारनाथला जाऊन आले होते. दर्शन छान झालं, हे काकांनी एका वाक्यात सांगितलं. उरलेला पाऊण तास ते राहायच्या जागेवर बोलत होते.

गाऱ्हाणं खरं होतं. हेलिकॉप्टरचं तिकीट मिळालं नाही म्हणून दोघं गौरीकुंडाहून घोड्यावर निघाले आणि अंधार पडताना वर पोहोचले. मालाडच्याच एका एजंटाकडून घेतलेली खोली वर पोहोचेपर्यंत दुसऱ्याच कुणाची झाली होती. शेवटी सहा अनोळखी माणसांबरोबर तंबूत एक रात्र काढली, आणि त्या तंबूचे पैसे ऐकून गच्चीवरच्या दोघातिघांनी दुधाचा पेला खाली ठेवला. इथवर मी काकांच्या बाजूने होतो. मग त्यांनी निकाल दिला. वर राहायची काही सोयच नाही, सरकारने देवळाजवळ पाच-दहा हजार खोल्या बांधायला हव्यात, तिरुपतीला बघा, वैष्णोदेवीला बघा, आम्ही पैसे मोजायला तयार आहोत ना, मग अडतंय कुठे? गच्चीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. ते दूध होतं की त्यात भांग होती कोण जाणे, पण त्या डोलणाऱ्या मानांमुळेच हा लेख लिहावा लागतोय. काकांचं म्हणणं फक्त काकांचं नाही. चारधाम करून आलेल्या दहांपैकी आठ जण हेच म्हणतात, आणि ते साफ चूक आहे.

आधी तिरुपती आणि वैष्णोदेवीचं बघू. तिरुमला साधारण माथेरानच्या उंचीवर आहे. वैष्णोदेवीचं भवन आपल्या कळसूबाईच्या जवळपास. केदारनाथ ३,५८३ मीटरवर. दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी वर तीनशे मीटर उरतात. ही नुसती भूगोलाच्या पेपरातली माहिती नाही, रात्रीच्या झोपेशी तिचा थेट संबंध आहे. त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू मालाडच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. डोंगरातल्या आजाराची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं. ती बहुधा वर पोहोचल्याबरोबर दिसत नाहीत, काही तासांनी दिसतात, म्हणजे नेमकी पहिल्या रात्री. म्हणून डोंगराचे जाणकार सांगतात की दिवसा हवं तेवढं चढा, झोपायला मात्र खाली या, आणि तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या थोडं खाली आहे. तिथून निघून संध्याकाळी केदारनाथला अंथरूण घालणारा माणूस एका दिवसात सोळाशे मीटर वर जाऊन झोपतो. काकांना त्या रात्री तंबूमुळे झोप लागली नाही असं ते म्हणतात. मला वाटतं, गादी, गीझर आणि खिडकीतून शिखर दिसणारी खोली मिळाली असती तरी लागली नसती. खोलीचं भाडं देता येतं, हवेचं देता येत नाही.

आता जागेचं. केदारनाथ ज्या सपाटीवर आहे ती दोन हिमनद्यांनी हजारो वर्षांत आणून टाकलेल्या दगडगोट्यांची सपाटी आहे. एका अंगाने मंदाकिनी, दुसऱ्या अंगाने सरस्वती, आणि मधल्या पट्ट्यात गाव. त्या पट्ट्यात २०१३ पर्यंत काकांना हवं तेच होत होतं. मंदिराला खेटून लॉज, धर्मशाळा, दुकानं, मजल्यावर मजले. १६ आणि १७ जून २०१३ ला अखंड पाऊस झाला आणि वरचं चोराबारी सरोवर फुटलं. मंदिरामागे एक भली मोठी शिळा येऊन अडली आणि मंदिर वाचलं. तिला आता भीमशिला म्हणतात आणि लोक तिला हात जोडतात. मंदिराभोवतीच्या इमारतींसमोर अशी शिळा आली नाही. खाली वाटेवरचं रामबाडा नावाचं अख्खं गाव पुसलं गेलं. उत्तराखंडात मृत आणि बेपत्ता मिळून पाच हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतली पुष्कळशी मुक्कामाला होती. ‘खोल्या बांधा’ म्हणणाऱ्याने त्या रात्री कोण कुठे झोपलं होतं हे एकदा आठवावं.

आपल्याकडे म्हण आहे, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. केदारच्या डोंगराने माणसाला ओसरी दिली होती, उन्हाळ्यापुरती. आपण पाय पसरत पसरत माजघरात शिरलो. घरमालक परत आल्यावर काय होणार?

मालाडकरांना तरी हे समजायला हवं. १ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली. उतारावरून आलेलं पावसाचं पाणी भिंतीमागे तुंबलं, भिंत फुटली आणि खालच्या झोपड्यांत तीसच्या आसपास माणसं गेली. पाण्याच्या वाटेत घर असलं की काय होतं हे कुरार-आप्पापाड्याच्या लोकांना शिकवायला कुणी जाऊ नये. त्यांनी ती जागा हौसेने निवडली नव्हती, मुंबईत त्यांना दुसरी परवडत नव्हती. आणि आपण? आपण पगारी रजा टाकून, वर जादा पैसे मोजून, पाण्याच्या वाटेतच खोली मागतोय, तीही खिडकीची.

गच्चीवर माझ्याविरुद्ध एक चांगला मुद्दा आला होता, तो लपवत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी विचारलं, की अहिल्याबाई होळकरांच्या कामांच्या यादीत केदारनाथची धर्मशाळाही सांगतात, मग ती माउली चुकली का? नाही चुकली. पण तेव्हाचा यात्रेकरू हरिद्वारहून पायी यायचा. महिना-महिना चालणाऱ्या माणसाचं शरीर वाटेतच डोंगराचं होऊन जायचं, आणि एका दिवशी वर पोहोचणारी माणसं धर्मशाळेत मावायची. २०२३ च्या हंगामात केदारनाथला १९ लाखांहून अधिक माणसं गेली. हंगाम जेमतेम दोनशे दिवसांचा, म्हणजे दिवसाला साडेनऊ हजारांवर, आणि ही सरासरीही फसवी, कारण निम्मा देश मे-जूनच्या शाळेच्या सुट्टीतच निघतो. २०२२ मध्ये सरकारने केदारनाथसाठी दिवसाला १२,००० माणसांची मर्यादा घातली होती. असे आकडे हलतात, वाढवले जातात, काढलेही जातात. दोन नद्यांमधली सपाटी मात्र तेवढीच राहते.

त्या जुन्या वाटेवरची व्यवस्था खरी कशी होती हे काकांना सांगायला हवं, कारण उत्तर तिच्यातच आहे. तिला चट्टी म्हणायचे. दर काही मैलांवर एक चट्टी, म्हणजे गवताने किंवा पाटीच्या दगडांनी शाकारलेला लांबच लांब पडवीसारखा मांडव आणि त्याला लागून एक दुकान. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप, लाकूड घ्यायचं. तो भांडी वापरायला देई आणि रात्री पडायला जागा. जागेचे पैसे नाहीत, पैसे शिध्याचे. ऋषिकेशच्या बाबा काळी कमलीवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच वाटांवर धर्मशाळा आणि सदावर्तं चालू केली, म्हणजे ज्याच्याकडे शिध्याचेही पैसे नाहीत त्याची सोय. मोटारीचा रस्ता वर सरकत गेला तशा चट्ट्या मेल्या. आता फक्त नावं उरली आहेत. केदारच्या वाटेवर जंगलचट्टी, यमुनोत्रीच्या वाटेवर जानकीचट्टी, बद्रीनाथच्या अलीकडे हनुमानचट्टी. त्या नावांचा अर्थ किती जणांना माहीत असेल? काकांच्या गाइडने त्यांना जंगलचट्टीला मॅगी खायला घातली, एवढंच त्यांना आठवतं.

चट्टीमध्ये मुक्कामाचं ओझं सगळ्या खोऱ्यात वाटलेलं होतं. शंभर माणसं शंभर ठिकाणी झोपत होती. आज ती शंभर माणसं हरिद्वारहून सकाळी निघून रात्री सोनप्रयागला पोहोचतात, दुसऱ्या रात्री सगळीच्या सगळी वर हवी असतात आणि तिसऱ्या रात्री परत हरिद्वारला. खोल्यांची टंचाई म्हणतात ती ही. साऱ्या खोऱ्यात खोल्या असताना सगळ्यांना एकाच ठिकाणची, एकाच रात्रीची खोली हवी. ही टंचाई आपण मालाडमध्ये बसून, सहलीचा कार्यक्रम छापताना तयार केली. ‘सहा रात्री सात दिवस, दोन धाम’ अशी जाहिरात करणाऱ्याला आणि ती वाचून आगाऊ रक्कम भरणाऱ्याला डोंगर कळत नाही. कॅलेंडर तेवढं कळतं.

आपल्याला खरं तर हे नव्याने शिकायची गरज नाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतर मोटारीने काही तासांचं. वारकरी ते अठरा-वीस दिवसांत चालतो आणि त्या प्रत्येक दिवसाला मुक्कामाचं गाव ठरलेलं असतं. दिंडीतल्या माणसाला ‘पंढरपुरात खोली मिळाली का’ असं कुणी विचारत नाही. विचारतात, आजचा मुक्काम कुठे? त्या गावच्या शाळेत, देवळात, कुणाच्या अंगणातल्या राहुटीत. पंढरपूरला पोहोचल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून कळसाकडे बघून परत फिरणारेही असतात आणि त्यांची वारी अपुरी राहिली असं आजवर कुणी म्हटलं नाही. इतकी शतकं जपलेली ही मुक्कामाची अक्कल आपण बोरिवलीला हरिद्वारच्या गाडीत चढताना फलाटावरच ठेवून जातो.

आणि खुद्द केदारनाथाचं काय? तो तिथे बारा महिने राहतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. भाऊबीजेला मंदिराचं कपाट, म्हणजे दार, बंद होतं आणि देवाची पंचमुखी डोली खाली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात हिवाळ्याला येते. वसंतात ती पुन्हा वर निघते. पायी, खांद्यावर. पहिली रात्र गुप्तकाशी, दुसरी फाटा, तिसरी गौरीकुंड, चौथ्या दिवशी केदारनाथ, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट उघडतं. उतरतानाही रामपूरला एक रात्र, गुप्तकाशीला एक रात्र. ज्याच्या नावाने हा सगळा खटाटोप चाललाय त्याच्या पालखीला वर जायला तीन मुक्काम लागतात. काकांना शून्य मुक्कामात जायचं होतं, आणि वर पोहोचल्यावर जागा नाही म्हणून राग आला. ज्यांनी डोलीची ही रीत घातली त्यांना डोंगराच्या आजाराची डॉक्टरी माहिती नव्हती. पण रीत आणि डॉक्टर एकच गोष्ट सांगत असतील तर दोघांचंही ऐकायला काय हरकत आहे?

रोपवेचा मुद्दा गच्चीवर निघालाच. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ अशा १२.९ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. खर्च ४,०८१ कोटी, आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांत, दिवसाला १८,००० माणसांची क्षमता. काकांच्या मुलाचं म्हणणं, मग राहायचा प्रश्नच मिटला, सकाळी वर, दुपारी खाली. सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाल्यावर ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांची सोय झाली, ही गोष्ट चांगलीच झाली, ते मी नाकारत नाही. पण गडावर वारा सुटला आणि ट्रॉली थांबली तर माणूस पायऱ्या उतरून येतो, उतरवत नसेल त्याला गडावर भक्तनिवास आहे. केदारनाथला दुपारनंतर हवा फिरते. तारेवरचे डबे चार वाजता थांबवावे लागले आणि काही हजार माणसं सुती सदऱ्यात, न सरावलेल्या फुप्फुसांनी वर अडकली, तर ती रात्री झोपणार कुठे? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुन्हा पाच-दहा हजार खोल्यांची मागणी येणार आणि आपण फिरून दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. ३१ जुलै २०२४ च्या रात्री ढगफुटीने लिंचोली-भीमबलीजवळची वाट तुटली तेव्हा हजारो यात्रेकरू अडकले, त्यांना काढायला दिवसच्या दिवस लागले. हेलिकॉप्टर हेही उत्तर नव्हे. जून २०२५ मध्ये केदारहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून सात जण गेले. ढगांना वेळापत्रक देता येत नाही.

आता बी विंगमधल्या आजोबांकडे वळतो, कारण ते माझ्या बाजूने बोलले आणि मला ती बाजू नको आहे. त्यांचं म्हणणं, यात्रा ही तपश्चर्या, तिथे खोल्या कसल्या मागता, दगडावर झोपा. आजोबा स्वतः २००४ नंतर विरारच्या पुढे गेलेले नाहीत. गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री दोन वाजता बर्फाळ वाऱ्यात शौचालय शोधत फिरावं लागतं त्याला तप म्हणू नये. चट्टी बांधणाऱ्यांनी आणि सदावर्त घालणाऱ्यांनी भक्ताचे हाल व्हावेत म्हणून ती बांधली नव्हती. दमलेल्याला छप्पर आणि गरम जेवण मिळावं म्हणून बांधली. वर मोजक्या खोल्या हव्यातच. चालून येणाऱ्याला त्याच दिवशी परतता येत नाही, आजारी माणसाला, अडकलेल्याला, देवस्थानच्या कामाच्या माणसांना जागा हवीच. सरकारी मंडळाचे तंबू आणि निवास आहेत, तीर्थपुरोहितांची घरं आहेत. त्यांचे दर उघड लिहिलेले असावेत आणि एक अंथरूण दोघांना विकलं जाऊ नये, हे मागायला मी काकांच्या पुढे उभा राहीन. मालाडच्या एजंटाचा राग त्यांनी केदारच्या डोंगरावर काढू नये, एवढंच.

तीर्थपुरोहितांवरून आठवलं. वाडीला, गाणगापूरला, त्र्यंबकेश्वराला आपण पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्यांच्या घरी उतरत आलो. चटई, पंगत, पहाटे अंघोळीचं गरम पाणी, आणि वहीत आजोबांच्या आजोबांचं नाव. तिथे आपण ‘रूम सर्व्हिस’ विचारत नाही. गणपतीला गावी बारा माणसं एका पडवीत झोपतात आणि परत आल्यावर ‘काय मजा आली’ म्हणतात. हिमालयात गेलो की मात्र आपल्याला एकदम हॉटेलच्या ताऱ्यांची संख्या आठवते.

खाली जे आहे ते बघायलाही कुणी थांबत नाही. गुप्तकाशी तेराशे मीटरच्या आसपास, समोर मंदाकिनीपलीकडे उखीमठ. रात्री दोन्ही गावांचे दिवे एकमेकांकडे बघत बसतात. तिथून पुढे फाटा, रामपूर, सीतापूर, सगळीकडे घरं-लॉज आहेत. सोनप्रयागहून एक फाटा त्रियुगीनारायणला जातो. शिवपार्वतीचं लग्न तिथे लागलं अशी समजूत, आणि होमकुंडात अग्नी धगधगत ठेवलेला. तेही दोन हजार मीटरच्या जवळपास, म्हणजे वर जाण्याआधी एक रात्र झोपायला उत्तम. जोशीमठात २०२३ च्या जानेवारीत जमीन खचून एकमेकांवर रेललेली दोन हॉटेलं पाडावी लागली, तेव्हा खालच्या खोऱ्यातही वाटेल तिथे मजले चढवा असं माझं म्हणणं नाही. पण असलेल्या खोल्या वाटून घ्यायच्या तर एवढं करता येईल. मुंबईहून निघताना दोन दिवस जास्त घ्यायचे, गुप्तकाशी आणि फाटा किंवा त्रियुगीनारायण अशा दोन रात्री घालायच्या, मे-जून सोडून पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर बघायचा, आणि वर मुक्काम मिळाला नाही तर दर्शन घेऊन लिंचोलीपर्यंत खाली यायचं. सहलीच्या कंपन्यांना हा कार्यक्रम छापता येत नाही कारण दोन दिवसांचे पैसे वाढतात. ते पैसे आपण वरच्या एका तंबूत घालवतोच.

काकांना हे सगळं त्याच रात्री ऐकवायचं होतं. पण दूध आटलं, वाटप सुरू झालं आणि ते निसटले. जिन्यात काकू भेटल्या. मी विचारलं, वरच्या रात्री फार त्रास झाला का? म्हणाल्या, “झोपलेच नाही रे, नुसती बसून होते पांघरूण घेऊन. देवाचं नाव घ्यायलाही सुचत नव्हतं, डोकं इतकं ठणकत होतं.”

मग एक पायरी उतरून थांबल्या. “येताना फाट्याला गाडी बिघडली ना, तेव्हा एका बाईच्या घरी राहिलो. यांनी सांगितलं नसेल. तिने काळसर भाकरी केली, मंडुआची म्हणाली. मी हातात घेतली तर आपली नाचणी. आणि डाळ कसली होती माहितीये? गहत म्हणतात तिकडे. कुळीथ रे. शुद्ध कुळीथ. मी तिला पिठी कशी करतात ते सांगितलं, तिला हिंदी कमी, मला गढवाली शून्य, पण समजलं तिला.” काका वरून हाका मारत होते. “पुढच्या वेळी तिच्याकडेच दोन रात्री राहायचं म्हणतेय मी. यांना वर जायचं तर जाऊ देत.”